अर्धा तास तहकूब

साळवे नाना कुठंही गेले की आधी डोकी मोजायचे. लग्न असो, सावडणं असो, दवाखान्यातली रांग असो. माझ्या मुलीच्या लग्नात आले, स्टीलचा डबा माझ्या हातात दिला आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. ओठ हलत होते. मला वाटलं मंगलाष्टकं म्हणताहेत. थोड्या वेळानं जवळ येऊन हळूच सांगितलं, की माणूस साडेतीनशेच्या वर आहे, आचाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा. आम्ही अडीचशे धरले होते. जिलेबी कमी पडायची ती पडलीच, पण निदान पंगत बसायच्या आधी कळलं. जाताना म्हणाले, "कोरम लई झाला म्याडम."

नाना गटसचिव होते. गावातल्या शेतकऱ्यांची कर्ज देणारी सहकारी सोसायटी असते, तिचा एकुलता एक नोकर म्हणजे सचिव. अशा तीन-चार गावांच्या सोसायट्या एकाच्याच गळ्यात बांधल्या की तो गटसचिव. पगाराचा पत्ता नाही, मानाचा त्याहून नाही. चेअरमन त्याला घरचा गडी समजतो, बँक त्याला सोसायटीचा माणूस म्हणते आणि सोसायटीवाले बँकेचा म्हणतात. मी सहकार खात्यात ऑडिटर, म्हणजे या सगळ्यांच्याच चुका धरायला येणारी बाई. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची दप्तरं चाळली. आमच्या ऑफिसच्या पाटीवर शहराचं नाव औरंगाबादचं संभाजीनगर झालं, पण पाटीखालचा जिना तोच राहिला आणि जिन्यावरचे अर्जदारही तेच. शेवटची दहा वर्षं तर मी नुसती पाट्या टाकत होते, खोटं कशाला बोलू.

कंटाळा यायचं एक कारण सांगते. कुठल्याही गावात जा, सोसायटीच्या सभांची नोंद ठेवायचं जे जाड बुक असतं, प्रोसिडिंग बुक, त्यात एक वाक्य असायचंच: 'कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात आली व त्याच ठिकाणी पुन्हा घेण्यात आली.' नियम असा, की वर्षातून एकदा सगळ्या सभासदांची सभा घ्यायची आणि तिला ठरावीक माणसं हजर हवीत, तोच कोरम. तेवढी आली नाहीत तर अर्धा तास थांबायचं. अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा सुरू करायची, आणि मग मात्र कितीही माणसं असली तरी चालतात. नियम चांगल्या मनानं केलेला असावा. पण गावोगावच्या चेअरमन लोकांना त्याची गोडी लागली. मुद्दाम अडनिड्या वेळी सभा ठेवायची, कुणाला कळू द्यायचं नाही, अर्धा तास चहा-भजी खायची आणि मग सात-आठ जणांनी पाहिजे तो ठराव करून मोकळं व्हायचं. दोनशे माणसांची संस्था अर्ध्या तासात आठ जणांची होऊन जाते. मी ते वाक्य इतक्यांदा वाचलंय की झोपेतही म्हणून दाखवेन.

शेंद्र्याच्या बाजूचं एक गाव माझ्याकडं नव्यानं आलं, तेव्हा तिथल्या बुकात हे वाक्य मला सापडेना. एक वर्ष मागं गेले, पाच वर्षं गेले, पार जुनी बुकं काढायला लावली. नाही म्हणजे नाहीच. मला असलं स्वच्छ दप्तर बघितलं की संशय येतो. म्हटलं, हा सचिव एक तर हरिश्चंद्र आहे नाही तर पक्का बनेल. त्यातला हरिश्चंद्र मला नोकरीत अजून भेटायचा होता.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे रस्त्याला लागून असलेल्या दगडी गोडाऊनच्या पोटातली एक खोली. दारात कडुनिंब, आत युरियाचा वास. नाना समोर बसले होते. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळावर चष्मा. मी जरा टाकूनच विचारलं, की दरवर्षी तुमच्याकडं कोरम होतो तरी कसा. ते खाली वाकले. खताच्या गोणीची शिवलेली एक पिशवी होती, तिच्यातून लांबडं रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. सभेची नोटीस, म्हणजे त्यांच्या भाषेत अजेंडा, मिळाल्याच्या सह्यांचं रजिस्टर. दरवर्षीची यादी, एकेका सभासदाचं नाव, आणि पुढं सही. बाकी गावांत ही सगळी रजिस्टरं सचिव एका बैठकीत, एका पेनानं, पाच-सहा प्रकारची वळणं काढून भरून टाकतो. मी दोन तास तेच वळण शोधत बसले. एकाही सहीत सापडलं नाही.

नाना प्रत्येकाच्या घरी जात होते. दोनशे अकरा सभासद, दरवर्षी, स्वतः. गाव एका जागी होतं तोवर हे दोन दिवसांचं काम होतं. मग कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, मोबदला आला आणि गाव विखुरलं. चार-दोन एकर राखून कुणी पडेगावला फ्लॅट घेतला, कुणी हर्सूलला बंगला बांधला, कुणी सिडकोत सुनेच्या मागं राहायला गेलं. नानांनी त्यांचा माग सोडला नाही. जुनी लुना, पायाशी पिशवी, डोक्याला उपरणं, असे ते पंधरा दिवस शहराच्या चारी टोकांना फिरत. पेट्रोल पदरचं. मी म्हटलं, पोस्टानं पाठवा की. तर म्हणाले, पोस्टानं कागद जातो, सभा जात नाही.

त्यांचा एक नेम होता, आधी सही, मग च्या. सही झाल्याशिवाय ते कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. एकदा मी खवचटपणानं विचारलं, की काही लोक तुम्हाला कपातून चहा देतच नसतील म्हणून हा नेम का. नाना बौद्ध आणि सभासद बहुतेक मराठे, म्हणून विचारलं. विचारल्यावर माझीच मला लाज वाटली. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "त्ये बी व्हतं पयल्यांदी. पर खरं कारन येगळं हाय. च्या पिऊन सही घेतली तर त्ये म्हन्तेत, सचिव च्याला आल्ता." नंतर त्या घरांतून चहा कपातून मिळायला लागला, पण नेम त्यांनी मोडला नाही.

नामदेवची गोष्ट तर आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ होती. हा सभासद बांधावरून भावाचं डोकं फोडून हर्सूलच्या जेलात गेला. नाना अजेंडा घेऊन तिथं हजर. भेटीच्या रांगेत उभे राहिले. आतल्या माणसाशी नातं काय, असं विचारल्यावर म्हणाले, सचिव. असलं नातं तिथल्या फॉर्मात नव्हतं, त्यामुळं परत पाठवले. पुढच्या भेटीला नामदेवच्या बायकोबरोबर गेले आणि बोलायच्या वेळेतली पाच मिनिटं मागून घेऊन त्याला अजेंडा वाचून दाखवला. विषय एक, विषय दोन, आयत्या वेळचे विषय. बायकोची साक्षीदार म्हणून सही घेतली. मी ते रजिस्टरमध्ये बघितलं आणि म्हटलं, नाना, त्याला काय सभेला सोडणार होते का? "त्यो आत हाय म्याडम," ते म्हणाले. "त्याचा शेअर तर भाईरच हाय."

शेअर हा त्यांचा जीव होता. पैसा या संस्थेत कुठून येतो ते मी पुस्तकातून शिकले होते, परीक्षा दिल्या होत्या, पण समजलं ते नानांकडून. कर्जाचा पैसा मुंबईच्या मोठ्या बँकेतून जिल्ह्याच्या बँकेत, तिथून सोसायटीत आणि सोसायटीतून शेतकऱ्याच्या हातात. जाताना वाटेत प्रत्येकानं आपापलं व्याज लावायचं. पण कर्ज देताना दरवेळी सोसायटी त्यातले थोडे पैसे सभासदाच्या नावानं शेअर म्हणून कापून ठेवते. लोक कुरकुर करतात, सचिवाच्या आई-बापाचा उद्धार करतात. नाना म्हणायचे, वरून आलेला पैसा पाव्हण्यावानी, आला तसा जाणार, त्याला जीव लावू नये; खालून गोळा झाला तो घरचा. ते गोडाऊन खालच्या पैशाचं होतं. आधीच्या पिढीनं दर हंगामात थोडं-थोडं कापून घेऊ दिलं, त्यातून बांधलेलं. त्याचा पाया खणायला नानांचे वडील रोजंदारीवर होते. वडिलांना जमीन नव्हती, त्यामुळं ते सभासद होऊ शकले नाहीत. नानांनाही नव्हती. दोनशे अकरा जणांची संस्था त्यांनी सांभाळली, पण त्यांचं स्वतःचं नाव त्या यादीत कधीच नव्हतं. सभेत हात वर करायचा हक्क नाही, बोलायचा नाही, फक्त लिहायचं.

यादी स्वच्छ ठेवायचं त्यांना वेड होतं. मेलेल्या माणसाचं नाव तसंच ठेवलं की कोरमचा आकडा फुगतो आणि कोरम होत नाही, म्हणून हा माणूस सभासद वारला की दहाव्याला वारस नोंदीचा फॉर्म घेऊन हजर. पिंडाला कावळा शिवायच्या आत सचिव शिवतो, असं गावात म्हणत. नानांना ते माहीत होतं. ते म्हणायचे, म्हणू द्या.

जिजाबाई म्हणून एक होत्या, त्यांना सभासद केलं ते असंच, नवऱ्याच्या दहाव्याला. जमीन दिरांनी आपल्या नावावर ओढायच्या आत नानांनी फॉर्मवर तिचा अंगठा घेतला. आणि मग अंगठा नानांना खटकायला लागला. दरवर्षी अजेंडा द्यायला गेले की रजिस्टरच्या मागच्या पानावर सही शिकवायची. 'ज' ला दोन वर्षं लागली म्हणे.

मी जिजाबाईंना एकदाच बघितलं. एका तपासणीहून नाना पडेगावला निघाले होते, मला त्याच बाजूला जायचं होतं, म्हणून माझ्या गाडीत त्यांना घेतलं. तीन मजले, लिफ्ट नाही. वर म्हातारी बाल्कनीत पालेभाजी निवडत बसलेली, हिरवं लुगडं, कानाला जाड चष्मा दोऱ्यानं बांधलेला. नानांना बघून सुनेला हाक मारून म्हणाली, आलं गं माझं मास्तर. रजिस्टर मांडीवर घेतलं, जीभ दातात धरली आणि सही केली. 'जिजाबाई' मधला शेवटचा 'ई' रेघेच्या खाली घसरत गेला. मला म्हणाली, "ह्या बाबानं मला म्हातारपनी शाळंत घातलं बाई. आता मरायच्या वख्ताला बी सही घिऊन जाईल." सगळे हसलो. मग चहा आला. नानांनी तो बशीत ओतून सावकाश घेतला. उतरताना मात्र प्रत्येक मजल्यावर थांबत होते. गुडघे गेले होते त्यांचे.

आता मुख्य गोष्टीकडं येते. टाळत होते, पण यायला पाहिजे.

शेंद्र्याकडं कारखाने वाढले तसं त्या रस्त्यावरच्या वीतभर जागेला सोन्याचं मोल आलं. चेअरमनच्या मनात आलं, की गोडाऊन तीस वर्षांसाठी भाड्यानं देऊन टाकावं. घेणारा होता त्याचाच भाचा, ट्रान्सपोर्टचा धंदा असलेला. भाडं असं, की त्यात एक टपरीही मिळाली नसती. कर्ज आता फारसं कुणी काढत नाही, मका-कापूस राहिलाय कितीसा, रिकाम्या गोडाऊनचं करायचं काय, असं तो म्हणायचा, आणि त्यात अगदीच खोटं होतं असं नाही. पण साठ-सत्तर जण अजून तिथं माल ठेवत होते. गोडाऊन गेलं तर त्यांना मळणी झाल्या झाल्या, भाव पडलेला असतानाच माल विकावा लागला असता. आणि गोडाऊन गेल्यावर सोसायटीचं उरलं काय, तर एक कपाट आणि एक पाटी.

ठराव सर्वसाधारण सभेतच होऊ शकत होता. चेअरमननं नानांना सरळ सांगितलं, औंदा फिरायचं नाही. बोर्डावर नोटीस लावा, मोबाईलच्या ग्रुपवर टाका, अर्धा तास तहकूब करा. तुमची दोन वर्षं राहिली रिटायर व्हायला, सुखानं जावा.  दुसऱ्या दिवशी नाना लुनात पेट्रोल टाकून निघाले.

पंधरा दिवस फिरले. अंगात ताप होता, असं मला नंतर कळलं. गोडाऊनचा विषय अजेंड्यावर छापलेलाच होता, नानांनी तोंडानं एक शब्द सांगितला नाही. सही घेतली, चहा प्याले, पुढं. सभेला त्रेचाळीस डोकी लागत होती, आली एकशे सहा. पडेगावहून रिक्षा करून आली, हर्सूलहून आली, कंपनीतून अर्धी सुट्टी टाकून गणवेशात आली. ठराव मांडला, हात वर करा म्हटलं, तर भाच्याच्या बाजूनं चौदा हात. नानांनी दोनदा मोजले आणि बुकात लिहिलं. मी तिथं नव्हते. ज्यांनी सांगितलं ते म्हणाले, त्या दिवशी नानांनी सभा संपायच्या आत, सगळ्यांच्या देखत चहा घेतला; एरवी बुक मिटेपर्यंत ते कपाला हात लावत नसत.

महिन्याभरात तक्रार आली. जिजाबाई सभेच्या तीन आठवडे आधी वारल्या होत्या. आणि रजिस्टरमध्ये त्यांची सही होती, त्यांच्या मृत्यूनंतर बारा दिवसांनी केलेली. सोबत मृत्यूचा दाखला. तक्रारदार चेअरमन. मयत बाईच्या नावानं सही ठोकणाऱ्या सचिवाचं रजिस्टर खरं कसं मानायचं, आणि रजिस्टर खरं नाही तर नोटीस पोचल्याचा पुरावा काय, सबब सभा रद्द करा. चौकशी माझ्याकडं आली. नशीब बघा.

मी आधी पडेगावला गेले. सून हुशार होती. म्हणाली, मॅडम, नानांचं नाव खराब करू नका, मी लिहून देते, की अजेंडा मी घेतला आणि चुकून सासूबाईंच्या नावानं सही केली. मला हायसं वाटलं. घरच्या माणसाची चूक म्हटली की सचिव सुटतो, रजिस्टर सुटतं, सभा टिकते. खोटं होतं, पण एकतीस वर्षांत मी याहून मोठी खोटी कानामागं टाकली होती. तसा कागद टाईपसुद्धा करून घेतला आणि नानांना ऑफिसात बोलावलं.

ते आले. खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. सुनेचा कागद वाचला, घडी घालून परत दिला. मग सांगितलं. यादीतलं शेवटचंच घर राहिलं होतं. अंगात कणकण होती. पहिला मजला चढले आणि गुडघ्यानं दगा दिला, पायरीवरच बसले. म्हटलं म्हातारी वर असेलच, सभेला ती येत नाही, दरवर्षीची सही. पिशवीतून रजिस्टर काढलं आणि तिथंच, पायरीवर, तिच्यासारखी सही केली. शेवटचा 'ई' खाली घसरवला. शिकवली त्यांनीच होती, त्यामुळं जड गेलं नाही. दोन मजले वर चढले असते तर हार घातलेला फोटो दिसला असता. उभ्या जन्मात एकाही दहाव्याला न चुकलेला माणूस, जिजाबाईंच्या दहाव्याला मात्र ताप अंगात घेऊन दुसऱ्यांची दारं वाजवत होता. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

"नाना," मी म्हटलं, "सून लिहून देतेय. तुम्ही फक्त गप्प बसा. गोडाऊन वाचतंय."

"सही माझी हाय म्याडम," ते म्हणाले. "लिवा."

मी चिडले. खूप चिडले. म्हटलं, तुमच्या खरेपणापायी साठ-सत्तर लोकांचा माल रस्त्यावर येईल, त्याचं काय? त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत घातलं. मग म्हणाले, "दोनशे धा सह्या खऱ्या हायेत. म्या एक खोटी दाबली तर त्या बी खोट्या व्हतेत. आन् म्हातारीनं तर सही केलीच नाय. ती मेली व्हती ओ." एवढं बोलून डोळ्याला उपरणं लावलं. 

मी लिहिलं. अहवाल लिहिताना आमच्याकडं एक ठेवणीतलं वाक्य असतं. जुन्या अहवालातून नव्यात जसंच्या तसं उतरवायचं, कुणी वाचत नाही: 'अंतिम निर्णय होईपर्यंत संबंधित सचिवांनी संस्थेच्या कोणत्याही कामकाजात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भाग घेऊ नये.' तेही उतरवलं. हात सवयीनं चालत होता. साहेबांनी सही केली, सभा रद्द झाली, सोसायटी दुसऱ्या सचिवाकडं दिली आणि नवी सभा लागली. निरीक्षक म्हणून मला पाठवलं.

सभा सकाळी अकराला होती. नव्या सचिवानं नोटीस बोर्डावर लावली, ग्रुपवर टाकली, एका छोट्या पेपरात आतल्या पानावर छापून आणली. कायद्याला तेवढं पुरतं, मला बोट ठेवायला जागा नव्हती. अकरा वाजले तेव्हा खोलीत नऊ सभासद होते, नऊही चेअरमनचे. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब. भजी आली.

मी बाहेर आले. फाटकाच्या पलीकडं, रस्त्याच्या कडेला, लुना उभी करून नाना उभे होते. फाटकाच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. रस्त्यानं ट्रक जात होते, शेंद्र्याकडच्या कंपन्यांच्या बस जात होत्या, आणि ते येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं बघत होते. हातात ती गोणीची पिशवी नव्हती, त्यामुळं हात कुठं ठेवावे ते त्यांना कळत नसावं. पाठीमागं बांधले, पुढं बांधले, शेवटी लुनाच्या सीटवर ठेवले.

मी विचारलं, की नाना, तुम्ही कुणालाच सांगितलं नाही का? नुसता फोन केला असता तरी शंभर माणूस आलं असतं.

"तुमची आर्डर हाय ना," ते म्हणाले. "अप्रत्यक्ष बी नाय, असं लिवलंय."

मी म्हटलं, ते वाक्य मी असंच टाकलं होतं, सगळ्याच अहवालांत असतं. म्हणाले, ठाऊक आहे, त्यांनीही कितीतरी ठिकाणी वाचलंय. पण लिहिलं म्हणजे लिहिलं. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात एक मोटारसायकल आमच्यापाशी थांबली. कंपनीचा निळा शर्ट घातलेला, पन्नाशीचा सभासद, दुसऱ्या पाळीला निघालेला. नानांना बघून त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "नाना, औंदा तुमी आलेच नाय. पेपरात आलं म्हन्तेत, पर आमी म्हनलं, नाना आले नाय मंजी सभा नाय. कवा हाय?"

 नानांनी माझ्याकडं बघितलं. मीच त्याला सांगितलं, की आत्ता आहे, आत जा, आणि आणखी कुणाला फोन करता येत असेल तर कर. तो गाडी तशीच टाकून आत पळाला, पळताना फोन कानाला. नानांचे ओठ हलले. म्हणाले, धा. पडेगावहून यायला पाऊण तास लागतो आणि हर्सूलहून त्याहून जास्त, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आम्ही रस्त्याकडं बघत उभे राहिलो. आणखी दोघं आले, एक म्हातारा सायकलवर, एक बाई शेतातून पायी. बारा. मग नुसते ट्रक.

नानांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, परत बघितलं.

"साडेअकरा झाले," ते म्हणाले. "जावा म्याडम. आता कोरम लागत नाय."

मी आत गेले. ठराव नऊ विरुद्ध तीननं मंजूर झाला. कंपनीवाल्याचा आवाज चढला होता, त्याला कुणीतरी खाली बसवलं. खिडकीतून रस्ता दिसत होता. नाना अजून तिथंच उभे होते, फाटकाकडं पाठ करून, उन्हात, पडेगावच्या बाजूला तोंड. पुन्हा ते मला भेटले नाहीत, दोन वर्षांनी गेल्याचंच कळलं. नव्या सचिवानं बुक माझ्यापुढं सरकवलं. त्या सोसायटीत ते वाक्य पहिल्यांदाच लिहिलं गेलं होतं, कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब, शाई अजून ओली होती. खाली निरीक्षक म्हणून सही आहे. ती माझी आहे.